मदत हवी आहे : फायर अलार्म रोज सकाळी बोंबलतो, एएमसीवाला म्हणतो पॅनलच बदला

उशिरा_पोचलेला

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमची प्रिमायसेस सोसायटी आहे. तळमजल्यावर दुकानं, वर सहा मजले ऑफिसं, बांधकाम 2013 चं. मी टॅक्सची कामं करतो. एप्रिलमध्ये जनरल बॉडीला उशिरा पोचलो, तोवर मला सेक्रेटरी करून टाकलं होतं.

जूनच्या मध्यापासून फायर अलार्म जवळजवळ रोज वाजतोय. वॉचमन म्हणतो, सकाळी नऊच्या सुमारास. तो पॅनलपाशी जातो, सायलेन्स दाबतो, रिसेट मारतो आणि परत खुर्चीत. लोकांना इतकी सवय झालीये की परवा हूटर वाजत असताना लिफ्टमध्ये कुणी मोबाइलवरून नजरही वर केली नाही. शिवाय पॅनलवर एक पिवळा दिवा लागतो, 'अर्थ फॉल्ट'. तो पावसात लागतो आणि दोन दिवस ऊन पडलं की जातो.

एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा ठेकेदार) येतो, रजिस्टरमध्ये 'सिस्टम ओके' लिहितो, सही करतो, चहा घेतो आणि जातो. आता त्याचं म्हणणं, पॅनल जुनं झालं, नवं घ्या, 6 लाख 40 हजार. जुलै चालू आहे, फॉर्म बी (आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला) द्यायचा आहे. कमिटीतले दोघं म्हणतात देऊन टाका, एक म्हणतो हूटरची वायरच काढा.

पॅनल अ‍ॅड्रेसेबल आहे (म्हणजे म्हणे प्रत्येक डिटेक्टरला, बटणाला स्वतःचा नंबर), दोन लूप (त्यांना जोडणाऱ्या तारांची वर्तुळं), 212 डिव्हाइस. मला यातलं काही कळत नाही. पॅनल खरंच बदलावं लागेल का? आणि सर्व्हिसवाल्याने काम केलं की नुसती सही केली, हे माझ्यासारख्याने ओळखायचं कसं?

चहा_बिस्किट

सकाळी नऊ म्हणजे अगरबत्ती. डोळे मिटून सांगतो. आमच्याकडे एका शेअर ब्रोकरच्या ऑफिसात धूप लागायचा आणि अख्खी बिल्डिंग खाली यायची.

सोल्डरगन

चौदा वर्षं हीच कामं करतोय, तेव्हा आधी एक सांगतो. अगरबत्ती असेलही, पण अंदाजाने डिटेक्टर बदलत सुटू नका. पॅनलमध्ये इव्हेंट लॉग असतो. कुठल्या लूपचा कितवा डिव्हाइस, किती वाजता, फायर की फॉल्ट, सगळं त्यात साठतं. अ‍ॅड्रेसेबल पॅनलला जादा पैसे मोजतात ते त्याच्यासाठीच. मेनूमध्ये जा, लॉग उघडा, शेवटच्या चाळीसेक नोंदींचे फोटो काढून इथे टाका.

आणखी एक. मेनूत 'डिसेबल्ड' किंवा 'आयसोलेटेड' अशी यादी असेल. तीही बघा.

हूटरची वायर काढा म्हणणाऱ्या सभासदांना माझा नमस्कार सांगा.

उशिरा_पोचलेला

लॉग काढला. फायरच्या 31 नोंदींपैकी 27 एकाच डिव्हाइसच्या, लूप 1 मधला 64 नंबर, तिसऱ्या मजल्यावरचा. सोमवार ते शनिवार, रविवारी एकही नाही. पण वेळ बघा : सगळ्या पहाटे 3:05 ते 3:25 च्या. वॉचमन तर शपथेवर नऊ म्हणतो. पहाटे तीनला तिसऱ्या मजल्यावर कोण येतंय? (कमिटीत आता भुताची चर्चा सुरू आहे.)

डिसेबल्डच्या यादीत 14 डिव्हाइस आहेत. नऊ तिसऱ्या मजल्यावरचे, पाच पाचव्या.

सोल्डरगन

भूतबीत काही नाही, पॅनलचं घड्याळ सहा तास मागे आहे. मुद्दा तो नाही. घड्याळ मागे पडलं कसं? काही पॅनलांत घड्याळाला वेगळा बटण-सेल असतो. तो नसेल किंवा संपला असेल तर घड्याळ बंद पडायला पॅनलची पूर्ण पॉवर जावी लागते, आणि मागे बॅटऱ्या असताना पॉवर पूर्ण जाताच कामा नये. मला तुमच्या बॅटऱ्यांवर शंका आहे.

उद्याच करून बघा. आधी सगळ्या ऑफिसांना निरोप द्या. पॅनलचा मेन सप्लाय बंद करा आणि घड्याळ लावून समोर उभे राहा. मीटर लावून बॅटरी मोजून दाखवतील, तेवढ्यावर जाऊ नका. मेलेली बॅटरीसुद्धा लोड नसताना छान व्होल्टेज दाखवते. एक कॉल पॉइंट (भिंतीवरचं आगीचं बटण) दाबून हूटर वाजवा, मग तिचं खरं रूप कळेल. बॅटरी निवडताना हिशेब असा धरतात की वीज नसताना पॅनलने दिवसभर पहारा द्यावा आणि वर अर्धा तास हूटर वाजवावेत.

अर्थ फॉल्टचं : पाऊस आला की लागतो, ऊन पडलं की जातो, म्हणजे कुठेतरी पाणी शिरतंय आणि वायरमधून वीज जमिनीकडे (अर्थला) गळतेय. पार्किंग, गच्ची, लिफ्ट मशीन रूम, बाहेरचे हूटर, आधी हे उघडून बघा. लूपमध्ये आयसोलेटर (लूपचा तुकडा वेगळा करणारे) असतात, तिथे तोडून अर्धा-अर्धा लूप तपासत गेलं की तासा-दोन तासांत जागा सापडते. डिव्हाइस लावलेले असताना लूपवर मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारू देऊ नका. 500 व्होल्टमध्ये निम्मे डिटेक्टर जातील आणि मग खरंच 6 लाखांचं बिल येईल.

निवृत्त_बंबवाला

दलात 29 वर्षं काढली, म्हणून थोडं कडक बोलतो, राग मानू नका.

महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे तुमची. लायसन्सवाली एजन्सी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी देते. ती सही आली म्हणजे आपण सुटलो, असं लोक धरून चालतात. 14 डिटेक्टर बंद ठेवून 'सर्व सुस्थितीत' असा कागद दाखल झाला, तर त्या कागदाला काय अर्थ राहिला?

डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 माणसं गेली. बरीचशी गुदमरून. ज्वाळा पोचायच्या कितीतरी आधी धूर पोचतो. डिटेक्टर त्या धुरासाठी असतात आणि हूटर झोपलेल्याला, फोनवर बोलणाऱ्याला उठवण्यासाठी. तुमच्या इमारतीत हूटर वाजतोय आणि कुणी मान वर करत नाही. पॅनलपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.

वॉचमनला दोष देऊ नका. त्याला कुणी शिकवलं नसणार. सायलेन्स दाबण्याआधी पॅनलवरचा पत्ता वाचायचा, एकाने त्या जागी जाऊन डोळ्यांनी बघायचं, मग रिसेट. एवढंच मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीत लिहून पॅनलशेजारी चिकटवा. पॅनलची किल्ली पॅनलमध्येच लटकत ठेवलीये का तेही बघा.

उशिरा_पोचलेला

किल्ली पॅनलमध्येच होती. लाल दोऱ्याने बांधून.

काल संध्याकाळी साडेसातला मेन बंद केला. कॉल पॉइंट दाबला. हूटर चालू झाले, मग आवाज बसल्यासारखा होत गेला, डिस्प्ले फिकट झाला आणि चौथ्या मिनिटाला पॅनल काळं. बॅटऱ्यांवर मार्करने तारीख लिहिलेली आहे : 11/2018. एएमसीच्या रजिस्टरमध्ये मागच्या तिमाहीत 'बॅटरी बॅकअप चेक्ड' आहे, त्याच निळ्या पेनाने.

मग शिडी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. डिसेबल केलेल्या नऊपैकी सात डिटेक्टरवर अजून केशरी प्लास्टिकची टोपी. गेल्या दिवाळीत रंगकाम झालं होतं, धूळ जाऊ नये म्हणून लावलेली, ती कुणी काढलीच नाही. टोपीवर रंगाचे शिंतोडे होते. मी एक काढली तर आत डिटेक्टर कोरा करकरीत. हसावं की रडावं कळेना.

64 नंबर मात्र उघडा आहे. शेजारी अगरबत्तीचं नावही नाही. ते ऑफिस एका सॉफ्टवेअर कंपनीचं, तिथे देव मोबाइलमध्ये.

चौथी_खिडकी

मी पुण्यात एका आयटी पार्कात फॅसिलिटी बघते. 64 नंबरच्या आसपास एसीची जाळी आहे का? आणि त्या ऑफिसने गेल्या काही महिन्यांत पार्टिशनं हलवलीत का?

उशिरा_पोचलेला

जाळी अगदी शेजारी, वीतभर अंतरावर. मार्चमध्ये त्यांनी नवं इंटिरिअर केलं. तुम्हाला कसं कळलं?

चौथी_खिडकी

कारण आमच्याकडे हेच झालं होतं. पावसाळ्यात रात्रभर बंद राहिलेल्या ऑफिसात हवा दमट असते. सकाळी नऊला एसी चालू झाला की थंड झोत थेट डिटेक्टरवर पडतो, तो गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्याच्या आत दवासारखं धरतं. ऑप्टिकल डिटेक्टरला धूर 'दिसतो' तो प्रकाश विखुरतो म्हणून. पाण्याच्या थेंबानेही प्रकाश तसाच विखुरतो. बिचारा आग लागली म्हणून ओरडतो. रविवारी ऑफिस बंद, म्हणून रविवारी अलार्म नाही. जाळीपासून निदान मीटरभर लांब घ्या, बंद होईल.

पण खरी भानगड पुढे आहे. पार्टिशन सीलिंगपर्यंत गेलं असेल, तर पूर्वी एका हॉलला पुरणारे डिटेक्टर आता तीन केबिनमध्ये विभागले गेलेत आणि एखाद्या केबिनमध्ये एकही नसेल. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी 800 मिलिमीटरहून जास्त असेल तर तिथेही डिटेक्टर लागतो, आणि तो दिसत नाही म्हणून खाली इंडिकेटर लावतात. आमच्या पार्कात आता नियमच केलाय : नव्या भाडेकरूच्या इंटिरिअरच्या नकाशावर फायरवाल्याचा शेरा असल्याशिवाय कामाला परवानगी नाही. हा ठराव पुढच्या मीटिंगमध्ये घेऊन टाका.

सर्व्हिस ओळखायची कशी, हे विचारलंत. चाचणीच्या वेळी सोबत फिरा. काठीवर धुराचा स्प्रे लावून डिटेक्टर खरोखर पेटवतात का बघा. नुसतं चुंबक लावलं तर आतलं सर्किट तपासलं जातं, धूर आत शिरतो की नाही ते कळत नाही. तुमच्या त्या टोपीवाल्या डिटेक्टरांवर स्प्रे मारला असता तर पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडलं असतं. पँट्रीत हीट डिटेक्टर असेल तर तिथे हेअर ड्रायर चालतो. आणि अलार्मबरोबर बाकीच्या गोष्टी होतात का : लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडली का, कार्डाचे दरवाजे मोकळे झाले का, एएचयू (एसीची हवा फिरवणारं यंत्र) थांबला का. आमच्याकडे पहिल्या ड्रिलला हूटर झकास वाजले आणि दरवाजे तसेच बंद. आतून कार्ड शोधत बसलेली माणसं मी बघितलीयेत.

बिलात 'तपासणी केली' असं मोघम नको. कितवा डिव्हाइस, कुठल्या तारखेला, कशाने तपासला, अशी यादी मागा.

चहा_बिस्किट

अगरबत्तीचं मागे घेतो.

उशिरा_पोचलेला

बारा दिवसांनी लिहितोय.

दुसरी लायसन्सवाली एजन्सी बोलावली. त्यांनी दोन दिवस घेतले, मी आणि खजिनदार आळीपाळीने मागे फिरलो. 64 नंबर हलवला, तेव्हापासून अलार्म नाही. बॅटऱ्या नव्या, दोन्ही मिळून सात हजारांच्या आत. टोप्या काढल्या, 14 पैकी 12 डिव्हाइस पुन्हा चालू, दोन खरोखर खराब होते ते बदलले. सॉफ्टवेअरवाल्यांच्या दोन केबिन बिनडिटेक्टरच्या निघाल्या, तिथे नवे लावले. पॅनलला कुणी हात लावला नाही, फक्त घड्याळ बरोबर केलं. सगळं मिळून 58 हजार. फॉर्म बी आता यांच्याकडून, काम झाल्यावर.

जुन्या एएमसीवाल्याला रजिस्टर दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, तेवढ्या पैशात तेवढंच होतं." खरं सांगायचं तर दरवर्षी सगळ्यात कमी कोटेशन आम्हीच पास करत होतो.

अर्थ फॉल्टही सापडला. पार्किंगच्या रॅम्पवरचा हूटर. डबा उघडला तर पाव कप पाणी आणि एक मेलेली पाल. डबा नवा घेतोय, पण परत पाणी शिरू नये म्हणून नेमकं काय करू? सिलिकॉन फासून भागेल?

सोल्डरगन

सिलिकॉन एक पावसाळा टिकेल. केबल डब्यात वरून येतेय ना? खालून घ्या, ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावून, आणि डब्यात शिरायच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाईल. डब्याच्या तळाला एक बारीक भोकही ठेवा. पालीची सोय मला माहीत नाही.