मेंढा निवडताना उंची बघायची की त्याची आई?

करवीरचा शेतकरी: माझ्याकडं 22 दख्खनी मेंढ्या. गेल्या साली बाजारातनं माडग्याळ जातीचा मेंढा आणला. बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, उंची अशी की येणारा-जाणारा थांबून बघायचा. नऊ मेंढ्या गाभण राहिल्याच नाहीत. मग त्याला बुडावर बसवून चाचपलं, तर एक अंड बारीक नि घट्ट, दुसरं पिलपिलीत. घेताना हात लावला असता तर साल वाचलं असतं. आता माझं मत पक्कं झालंय: आपल्या पावसात ओळखीच्या कळपातलाच दख्खनी मेंढा घ्यावा, आणि तोही जिनं दोन्ही कोकरं पाजून जगवली अशा मेंढीचा.

जत भागातला: दादा, दोष त्या एका जनावराचा, जातीला का बोल लावता? अंड तपासायचं राहिलं तर दख्खनीनंही हेच केलं असतं. माडग्याळचं कोकरू त्याच वयात दख्खनीपेक्षा अंगानं भरतं आणि गिऱ्हाईक अंगाचेच पैसे देतं. दख्खनीची काळी लोकर घोंगडीला जायची ते दिवस गेले. लोकरीसाठी कमी वजनाचा मेंढा का पोसायचा?

करवीरचा शेतकरी: लोकरीचं मान्य. पण तुमच्याकडं माळ कोरडा. माझ्याकडं जून ते सप्टेंबर वाड्यातली जमीन वाळत नाही. त्या मेंढ्याच्या खुरांच्या बेचक्यात सड लागली, ऑगस्टभर गुडघ्यावर चरला. लंगडा मेंढा मेंढीवर चढणार कसा?

फलटणची लेक: तुम्ही दोघंही वजनावरच अडलाय. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणला, त्याला फेकबी म्हणतात. मेंढ्यात त्याच्या दोन प्रती असतील तर प्रत्येक कोकराला एक मिळते, एकच असेल तर निम्म्यांनाच. म्हणून या जनुकाच्या तपासणीचा कागद बघूनच मेंढा घ्या. लेकी मोठ्या झाल्या की त्याच वाड्यात कोकरं वाढतील.

जत भागातला: आणि दूध? रोज मैलोन् मैल चालणाऱ्या कळपात दुसरं कोकरू मागंच पडतं, ताई. ते खांद्यावर घेऊन मी चाललोय.

फलटणची लेक: फिरत्या कळपासाठी तुमचं बरोबर आहे. पण हे घरी बांधून पाळतात, मकवान आहे, बाटली लावायला माणूस आहे. यांना जुळी परवडतात.

म्हातारा मेंढका: पोरांनो, जात कुठलीही आणा, मेंढा नुसता आणून सोडू नका. बीज तयार व्हायला सात आठवडे लागतात, म्हणून मेंढीवर सोडायच्या दोन महिने आधीपासनं मूठभर भरडा चालू करा. छातीला गेरू तेलात कालवून लावा. लागलेल्या मेंढीच्या पाठीवर खूण उठते. गाभण न राहिलेली मेंढी सतरा दिवसांनी परत माजावर येते, म्हणून तेव्हा गेरूचा रंग बदला. त्याच मेंढ्यांवर नवा रंग दिसायला लागला तर मेंढ्यात खोट आहे, हंगाम हातात असताना बदलता येतो. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक पुरे. आणि दोन वर्षांनी तो दुसऱ्याच्या कळपाला द्या, नाहीतर स्वतःच्याच लेकींवर जातो.

करवीरचा शेतकरी: मामा, गेरूचं मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या वाड्यात एक चार दाती दख्खनी आहे, त्याच्या आईला दोनदा जुळी झालेली मी डोळ्यांनी बघितलीत. उद्या जाऊन आधी त्याचे खूर नि अंडं बघतो. आषाढात लागल्या तर मार्गशीर्षात, कोरड्या जमिनीवर वितील.

जत भागातला: बघा. पण त्याच्याबरोबर चार मेंढ्यांना एक चांगला माडग्याळही लावून बघा. कोकरं वजनाच्या काट्यावर ठेवू, मग बोलू.