मदत हवी आहे: पक्ष्यांची शास्त्रीय नावं देवनागरीत कशी लिहावीत?

इंदूरच्या सिरपूर तलावावरच्या पक्ष्यांचा मराठी-हिंदी तक्ता चाललाय. प्रत्येक पक्ष्याखाली रोमन नाव, देवनागरी उच्चार आणि एका ओळीत अर्थ. अर्थ झाले आहेत, ते नकोत. टिटवीच्या व्हॅनेलसमध्ये लॅटिन सूप आहे (पाखडायचं), तर शेकाट्याच्या हिमँटोपसमध्ये ग्रीक वादी आणि पाय. त्या लांबुडक्या लाल तंगड्या पाहिल्या की पटतंच.

गाडी अडली आहे उच्चारावर. जुन्या लॅटिनप्रमाणे 'वानेल्लुस' होतं, इंग्रजी वळणाने 'व्हॅनेलस'. कमळपक्ष्याचं chirurgus तर 'किरुर्गुस', 'कायरर्गस' आणि कुणी सरळ 'चिरुर्गस'ही म्हणतं. मूळ ग्रीक असल्याने ch चा 'क' हवा, तेवढं पक्कं, स्वरांचं काय? दोन्ही उच्चार द्यायला जागा नाही, ओळीत जेमतेम वीस अक्षरं मावतात.

दुसरं तिरप्या अक्षरांचं. रोमन नाव तिरपं करतोच, पण देवनागरी तिरपी केली की रफार आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात. जाड ठसा करून पाहिला, तर तो मराठी नावाशी भांडतो.

नामकर्त्याभोवतीचा कंस ठेवणार आहोत: कमळपक्ष्यापुढे (स्कोपोली, 1786), कारण त्याने पक्षी आधी ट्रिंगा या वेगळ्या प्रजातीत (genus) घातला होता. तो काढा असं कृपया सुचवू नका.

छापील मराठी फलक किंवा पुस्तकं केलेल्यांनी सांगावं: सगळ्या नावांना एकच उच्चारपद्धत लावायची तर कोणती, आणि देवनागरी शास्त्रीय नाव तिरपं न करता वेगळं कसं दाखवता?