सिंथिया वू: विमा कंपनीतून थेट तैवानच्या विधिमंडळात, हे योग्य झालं का?

सह्यवारा

हा विषय मला बरेच दिवस डाचतोय. तैवानच्या राजकारणावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून पार्श्वभूमी थोडक्यात देतो.

ताइपे मेन स्टेशनमधून बाहेर पडलं की समोर ५१ मजली शिन काँग टॉवर दिसतो. १९९३ मध्ये बांधून झाला तेव्हा तो तैवानमधला सर्वांत उंच मनोरा होता. ज्या उद्योगसमूहाचा तो आहे तो वू हो-शी यांनी उभा केला. मूळचे शिन्चू शहरातले, कापडाच्या दुकानातून वर आलेले. समूहाच्या नावात एक अक्षर शिन्चूचं आणि दुसरं त्यांच्या जपानी मालकाच्या नावातलं. आजही ही गोष्ट वाचली की त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

सिंथिया वू ऊर्फ वू शिन-यिंग ही त्यांची नात, जन्म १९७८. अमेरिकेतलं वेलस्ली कॉलेज, मग लंडनमध्ये मेरिल लिंच या गुंतवणूक बँकेत नोकरी. परत आल्यावर घरच्या शिन काँग लाइफ या विमा कंपनीत वरचं पद आणि तिच्या फाउंडेशनची धुरा. इथवर माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. तेव्हा ताइपेचे महापौर असलेल्या को वेन-जे यांनी २०१९ मध्ये तैवान पीपल्स पार्टी काढली. तिथे काही जागा पक्षाला पडलेल्या मतांच्या प्रमाणात, पक्षाने आधीच दिलेल्या नावांच्या यादीतून भरतात. २०२० च्या निवडणुकीत पक्षाला ११.२२ टक्के मतं आणि यादीतून ५ जागा मिळाल्या. त्या पाचांत वू नव्हत्या, त्या यादीत खाली होत्या. पुढे वरच्यांनी जागा सोडल्या आणि २०२२ च्या अखेरीस वू खासदार झाल्या. यादीतल्या जागेसाठी पोटनिवडणूक होत नाही, पुढचं नाव आपोआप वर सरकतं. वर्षभरात, २४ नोव्हेंबर २०२३ ला, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, कोंनी त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली.

एका विमा घराण्याची मुलगी एकाही मतदारसंघात उभी न राहता कायदे करणाऱ्या सभागृहात बसते आणि तिथून देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदाची उमेदवार होते. मला हे लोकशाहीच्या दृष्टीने चुकीचं वाटतं. वू बाई हुशार नाहीत असं माझं म्हणणं नाही. माझा आक्षेप त्या दारावर आहे.

ठाणेकरीण

सह्यवारा, तुम्ही ज्या दाराला नावं ठेवताय ते मुद्दाम ठेवलेलं दार आहे. तिथल्या ११३ जागांपैकी ७३ मतदारसंघांतून येतात, ६ मूलनिवासींच्या आणि ३४ पक्षाच्या यादीतून. गल्लीबोळात फिरून, लग्ना-मयताला हजेरी लावून निवडून येणं ज्यांना जमणार नाही, पण ज्यांचं ज्ञान सभागृहाला हवंय, अशा लोकांसाठी या ३४ जागा आहेत. शिवाय यादीतून निवडून आलेल्यांत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात असं तिथलं संविधानच सांगतं. आज त्या सभागृहात ४० टक्क्यांहून जास्त बायका आहेत, त्याला हेही एक कारण आहे.

आणखी एक. याच घराण्यातले वू तुंग-शेंग, सिंथियांचे काका, हेही पूर्वी खासदार होते. काकांवर आपण असा धागा काढला असता का? मला तरी वाटत नाही. घराण्यातला पुरुष राजकारणात गेला तर ती परंपरा आणि मुलगी गेली तर ते मागचं दार, हे मला मान्य नाही.

आकडेमोड

मी गेली बरीच वर्षं मुंबईत विमा क्षेत्रात ॲक्चुअरी म्हणून, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडण्याचं, काम करतो, त्यामुळे या विषयाकडे जरा वेगळ्या बाजूने बघतो. बाई की पुरुष हा प्रश्न माझ्यासाठी नाहीच.

तैवानच्या आयुर्विमा कंपन्यांचं दुखणं समजून घ्या. हप्ते गोळा होतात तैवानी डॉलरमध्ये, लोकांना पैसे द्यायचे तेही मुख्यतः त्याच चलनात. पण देशात एवढी मोठी रक्कम गुंतवायला पुरेसे रोखेच नाहीत, म्हणून पैसा जातो अमेरिकन रोख्यांत. तैवानी डॉलर वधारला की परदेशातल्या गुंतवणुकीची किंमत घरच्या चलनात घसरते आणि सगळा तोटा कंपनीच्या अंगावर येतो. संरक्षण म्हणून चलनाचं हेजिंग (म्हणजे विनिमय दर आधीच बांधून घेणारे करार) करावं तर त्याचाही खर्च प्रचंड. मे २०२५ च्या सुरुवातीला तैवानी डॉलर दोन दिवसांत इतका उसळला की या सगळ्या कंपन्यांचे समभाग कोसळले.

अशा धंद्यात तोटा कधी दाखवायचा, भांडवल किती ठेवायचं, नव्या नियमांना किती वर्षं मुदत द्यायची हे सगळं नियामकाच्या हातात असतं. आणि नियामकाचं बजेट आणि विमा कायदा कुणाच्या हातात? त्याच ११३ जणांच्या. सिंथिया वूंनी याचा गैरफायदा घेतला असं मी अजिबात म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापुढे नाही. पण ज्यांच्या घरचं सगळं या एका कायद्यावर तरंगतंय, त्यांनी त्या सभागृहात बसू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे साधा कनिष्ठ कर्मचारी नातेवाइकाच्या दाव्याची फाइल हाताळत नाही.

शिन्चूकर

मी चार वर्षं शिन्चूत आहे, चिप बनवणाऱ्या कंपनीत. २०२४ ची निवडणूक डोळ्यांनी पाहिली म्हणून लिहितो.

सह्यवारांच्या बोलण्यावरून वाटतं की वूंना मतदाराने कधी पाहिलंच नाही. पाहिलं की! को-वू जोडीला जवळजवळ ३७ लाख मतं पडली, २६.४६ टक्के. सत्ताधारी डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टीचे लाई चिंग-ते ४०.०५ टक्क्यांवर जिंकले, जुन्या कुओमिंतांग पक्षाचे होउ यू-यी ३३.४९ वर राहिले. तिसऱ्या क्रमांकाला एवढी मतं ही तिथे साधी गोष्ट नाही. प्रचारात वूंची कसून तपासणीही झाली. अमेरिकन नागरिकत्वाचा प्रश्न निघाला, घरच्या मालमत्तेचा निघाला. दुहेरी नागरिकत्वाबद्दल तिथले लोक फार हळवे आहेत, याच कारणावरून २००९ मध्ये ली चिंग-आन यांना खासदारकी सोडावी लागली होती. वूंचा अर्ज निवडणूक आयोगाने मान्य केला. उपाध्यक्षपदाच्या वादचर्चेत त्या लाईंच्या जोडीदार शिआओ बी-खिम आणि होउंचे जोडीदार चाओ शाओ-कांग या दोन मुरलेल्या वक्त्यांसमोर उभ्या राहिल्या. टीव्हीवर सगळा देश बघत असताना.

मतमोजणीचं एक सांगतो, मला फार भावलं म्हणून. तिथे मशीन नाही. प्रत्येक मतपत्रिका वर धरून दाखवतात, उमेदवाराचा क्रमांक मोठ्याने पुकारतात, भिंतीवरच्या कागदावर खूण करतात. कुणीही आत येऊन बघू शकतो. आमच्या गल्लीजवळच्या शाळेत मी तासभर उभा होतो. त्या शाळेत कोंचा क्रमांक किती वेळा पुकारला गेला ते कानांत बसलंय.

दुसरा मुद्दा परराष्ट्राचा. तैवानला अधिकृत मान्यता देणारे देश जेमतेम १२. मोठ्या देशांशी वकिलातीच्या पातळीवर संबंध नाहीत, त्यामुळे खासदारांनी परदेशी खासदारांना भेटणं हेच तिथलं परराष्ट्र धोरण होऊन बसतं. लंडनमध्ये राहिलेली, वित्तक्षेत्र जाणणारी व्यक्ती सभागृहात असणं ही तैवानची गरज आहे, चैन नव्हे.

सह्यवारा

शिन्चूकर, तुमची मतमोजणीची आठवण वाचून बरं वाटलं. पण त्यातच माझा मुद्दा आहे. पुकारला गेला तो कोंचा क्रमांक. अध्यक्ष-उपाध्यक्षांची मतपत्रिका एकच असते, वूंना वेगळं मत देताच येत नाही. तुमचे तरुण सहकारी कोंकडे कशासाठी वळले?

शिन्चूकर

प्रामाणिकपणे सांगायचं तर घरांच्या किमती. आणि दोन्ही जुन्या पक्षांचा कंटाळा. त्यातल्या एकाने मला सरळ सांगितलं होतं की वूंचं नाव ऐकून त्याचं मन डळमळलं, कारण घर परवडत नाही म्हणून ज्याच्याकडे गेलो त्यानेच धनाढ्य घराण्यातली जोडीदार निवडली. तरी मत त्यालाच दिलं. तेव्हा या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य.

ठाणेकरीण

मग जेसन श्यू यांचं काय कराल? टेडएक्सताइपे हा व्याख्यानांचा उपक्रम उभा करणारा उद्योजक, २०१६ मध्ये कुओमिंतांगच्या यादीतून आला. तोही कुठल्या मतदारसंघातून नव्हता. नव्या वित्तीय तंत्रज्ञानाला मर्यादित क्षेत्रात प्रयोग करू देणाऱ्या कायद्यासाठी त्याने जीव तोडून काम केलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये तो कायदा झाला. समलिंगी विवाहाच्या विधेयकावर मे २०१९ मध्ये पक्षातल्या बहुतेकांच्या विरोधात जाऊन मतदान केलं. मतदारसंघ सांभाळायचा असता तर हे धाडस झालं असतं? मला शंका आहे. तुमचं दार बंद केलं तर असे लोकही बाहेर राहतील.

सह्यवारा

श्यूंचं उदाहरण चपखल आहे आणि मी ते खोडणार नाही. पण फरक बघा. श्यू आले तेव्हा मागे नियामकाच्या देखरेखीखालचं वित्तीय साम्राज्य नव्हतं. वूंच्या मागे होतं. वडील युजीन वू समूहाचे प्रमुख, दुसरे काका थॉमस वू ताइशिन या दुसऱ्या वित्तसमूहाचे. शिन काँग आणि ताइशिन यांचं पुढे जुलै २०२५ मध्ये विलीनीकरणही झालं. तेव्हा वू खासदार नव्हत्या हे मान्य. पण दीड वर्ष आधी होत्या.

आकडेमोड

विलीनीकरणाचं वूंच्या माथी मारू नका, ते बरोबर नाही. २०२३ मध्येच शिन काँग फायनान्शियलच्या संचालक मंडळावरची युजीन वूंची पकड सुटली होती. २०२४ मध्ये सीटीबीसी हा तिसरा समूह खरेदीसाठी उतरला, त्याला नियामकाने सप्टेंबरमध्ये नकार दिला, मग भागधारकांनी ताइशिनला कौल दिला. हा सगळा वेगळा इतिहास आहे.

माझ्या मते खरी फट कायद्यात आहे आणि ती कुणी बोलत नाही. तैवानमध्ये अध्यक्ष, उपाध्यक्ष, मंत्री, महापौर यांना आपले शेअर ट्रस्टकडे, म्हणजे तिऱ्हाईत विश्वस्ताकडे, सोपवावे लागतात. खासदारांना मात्र मालमत्ता फक्त जाहीर करावी लागते. म्हणजे वू उपाध्यक्ष झाल्या असत्या तर शेअरवरचा त्यांचा ताबा गेला असता. ज्या सभागृहात विमा कायदा होतो तिथे बसताना ते हातातच राहू शकत होते. कायदे करणाऱ्यांनी स्वतःला सवलत दिली आहे आणि याचा मला मनापासून राग येतो.

सह्यवारा

हे मला माहीत नव्हतं. मग मी माझी मागणी बदलतो. यादी राहू दे, उद्योगातले लोक येऊ देत, पण शपथ घेण्याआधी शेअर ट्रस्टमध्ये जायला हवेत. आणि जागा रिकामी झाल्यावर वर सरकणाऱ्या नावाची मालमत्ता लोकांना आधी कळायला हवी.

ठाणेकरीण

ट्रस्टची अट मला चालेल, पण ती ११३ जणांना लावा. गावाकडे बांधकामाचा धंदा असलेला मतदारसंघातला खासदारही त्यात आला पाहिजे. फक्त यादीतल्यांना आणि फक्त वित्तसमूहांना लावली तर मी पुन्हा इथे भांडायला येईन.