कूलर, आरओ, वॉशिंग मशीन: पंप घरीच बदललात का? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

विजापूर रोड

मागच्या दोन उन्हाळ्यांत मी कूलरचे दोन पंप बदलले. यंदा तिसरा बंद पडला तेव्हा नवा आणायच्या आधी उघडून बघितला, आणि आधीचे दोन जळाले नसावेत हे लक्षात आलं.

कूलरचा पंप साधा असतो, साधारण १८ वॅटचा. वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, आत पक्कं बंद केलेलं. पुढचं प्लास्टिकचं झाकण काढलं की चुंबकाचा रोटर आणि त्यालाच जोडलेला छोटा पंखा, पाण्यात फिरतं ते एवढंच. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे कूलरमध्ये बोअरचं जड पाणी जातं. ते वाफ होऊन उडतं, क्षार टाकीत राहतो, आणि रोज भर घालू तसं टाकीतलं पाणी आणखी जड होतं. रोटर ज्या दांडीवर फिरतो तिच्यावर हा क्षार बसून रोटर अडकतो. पंप नुसता गुणगुणतो, पाणी चढत नाही, आणि आपण म्हणतो जळाला. मी रोटर ओढून काढला, निंबूफुलाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवला, जुन्या ब्रशने दांडी आणि तिचं भोक दोन्ही घासलं. पंप सुरू झाला.

तुम्ही कुठल्या यंत्राचा पंप बदललात? लक्षण काय होतं, काय तपासलं, खर्च किती आला? फसलेले अनुभवही लिहा, त्यांचाच जास्त उपयोग होतो.

साखर पेठ

काका, माझा खरोखरच जळाला होता. टाकी कोरडी पडली आणि पंप दुपारभर तसाच चालू राहिला. भोवतीचं पाणीच पंपाला थंड ठेवतं, ते नसलं की तो तापत जातो. रोटर हाताने मोकळा फिरत होता, पण प्लग लावला तर गुणगुण नाही की थरथर नाही. नवा २५० रुपयांना मिळाला.

माझी चूक सांगते. जुना पंप दुकानात नेला नाही. नव्याचं तोंड बारीक निघालं, जुनी नळी सैल बसली, मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. पाणी वर चढायच्या ऐवजी तिथूनच टाकीत पडायचं आणि वरचं गवत एका बाजूला कोरडं. दोन दिवसांनी १५ रुपयांची नवी नळी आणली तेव्हा काम झालं. आता पंप फरशीच्या तुकड्यावर ठेवते, म्हणजे तळाचा गाळ ओढला जात नाही. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून पुसते. क्षारही कमी साठतो आणि डेंग्यूच्या डासांची अंडीही राहत नाहीत.

अक्कलकोट रोड

पंप बदलण्याआधी हे वाचा, ही कळकळीची विनंती.

आमचा कूलर पत्र्याचा. पंप मीच बदलला होता, वायर पत्र्याच्या भोकातून तशीच बाहेर काढली. पंख्याच्या थरथरीने पत्र्याची धार वायरीवर घासत राहिली. महिन्याभराने आई पाणी भरायला गेली आणि कूलरला चिकटल्यासारखी झाली. धाकट्या भावाने मेन बंद केला म्हणून आई वाचली. नंतर बघितलं तर प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नव्हतंच.

तेव्हापासून घरात तीन पिनांचाच प्लग. वायर जाते तिथे रबरी वायसर. जोड कधीच पाण्यात नाही, टाकीच्या बाहेर आणि उंचावर. परवानाधारक वायरमनकडून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारं बटण, बसवून घेतली. टाकीत हात घालायच्या आधी प्लग उपटायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं झालेलं असेल तर बटण बंद असूनही वायरीत करंट राहतो.

जुळे सोलापूर

माझा आरओचा अनुभव, १,४०० रुपये वाया गेल्याचा. पाणी थेंब थेंब यायला लागलं, पंप घरघरत होता. नवा बूस्टर पंप, म्हणजे पाण्याचा दाब वाढवणारा पंप, आणून बसवला. नळ्या काढणं सोपं असतं, टोकाची रिंग आत दाबून धरायची आणि नळी ओढायची. पंपावरचा बाण बघून आत-बाहेर ठरवायचं. सगळं नीट बसलं, तरी पाणी तसंच.

मित्राने व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर आणला. पंप २४ व्होल्ट डीसीचा. ॲडाप्टर नुसता मोजला तर बरोबर २४. पंप जोडून मोजला तर १५ वर घसरला. दोष ॲडाप्टरचा होता! तो बदलला आणि जुना पंप पुन्हा लावला, आजही तोच चालतोय. म्हणून क्रम सांगतो: आधी वरच्या टाकीतून पाणी येतंय का, मग गाळाचा फिल्टर तुंबलाय का, मग ॲडाप्टर पंप जोडून मोजा. पंपाचा नंबर त्यानंतर.

विडी घरकुल

आमचा कूलरचा पंप पण नुसता घुमायलाय, पाणी चढेना. निंबूफूल किती घालायचं?

विजापूर रोड

तांब्याभर कोमट पाण्याला दोन चमचे. फक्त रोटर आणि झाकण बुडवा, प्लग-वायर नको. कुठल्याही ब्लीचिंगच्या द्रावणात मिसळू नका, विषारी वायू होतो.

होटगी रोड

वॉशिंग मशीनचा कोणी लिहिला नाही म्हणून लिहिते. समोरून दार असलेलं मशीन, पाणी बाहेर टाकेना. आमच्या घरात यंत्रमागावरचे नवे टॉवेल सारखे धुवायला असतात, त्यांचा बारीक कापूस खालच्या फिल्टरमध्ये बोळ्यासारखा बसला होता. शेजारच्या छोट्या नळीने आधी परातीत पाणी काढलं, मग फिल्टर फिरवला. कापसाच्या बोळ्यात ब्लाउजचा हूक! त्यानेच पंपाच्या पात्या तुटल्या होत्या.

जाड सोलापुरी चादर अंथरून नवऱ्याने आणि मी मशीन तिच्यावर आडवं केलं. वायरींचा फोटो काढून ठेवला, तीन स्क्रू, दोन नळ्या, झालं. पंप ७०० रुपयांना, पण लेबलवरचा नंबर जुळवूनच घ्या, दिसायला सगळे सारखेच असतात. आणि नव्याचा पंखा हाताने फिरवला की अडखळत फिरतो. मी खराब म्हणून परत करायला निघाले होते. आतल्या चुंबकामुळे तो तसाच फिरतो.

विजापूर रोड

ताई, हे अडखळणं मी जुन्या पंपातही बघितलं होतं आणि त्यावरूनच तो बाद ठरवला होता. त्यातला एक अजून माळ्यावर आहे. रविवारी काढतो, दांडी साफ करून बादलीत लावून बघतो. पाणी चढलं की नाही ते इथेच लिहितो.