स्लॅब जानेवारीत आहे. इन्सुलेशन वरून करू की खालून?

सातवी_ब_च्या_बाई:
अकोल्यात घर बांधतोय. ९०० चौरस फूट, एकच मजला, वर गच्ची. प्लिंथ झालंय, जोडकाम पुढच्या आठवड्यात सुरू. एसी नकोय. सासूबाईंचे एसीत गुडघे धरतात आणि मे महिन्याचं बिल बघून माझं डोकं धरतं. सध्याच्या भाड्याच्या घरात रात्री अकराला पंखा लावला तरी वरून भट्टीची हवा येते, पलंगाचा लोखंडी दांडा हाताला चटका देतो. म्हणून या घरात सुरुवातीलाच काय ते करायचंय.

ठेकेदार म्हणतो, "मॅडम, ब्रिकबॅट कोबा मारतो, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, वर चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सचे तुकडे, दुसरं काही लागत नाही." दीर म्हणतात, फॉल्स सीलिंग करून वर थर्माकोल भरा. सासूबाईंची खोली नेमकी पश्चिमेला येतेय, ती आता हलवता येत नाही. कूलर मात्र लागणारच. ज्यांनी स्वतःच्या घराला केलंय त्यांनी सांगा प्लीज.

गच्चीवरचा_काका:
बाई, अमरावतीहून लिहितोय. मी दोन्ही करून बसलोय, त्यामुळे ऐका.

जुन्या घरी खालून केलं होतं. पहिला उन्हाळा बरा गेला. पण स्लॅब वर तापतोच ना! दिवसभर ऊन पितो, रात्री दोनपर्यंत ओकतो. शिवाय रोज तापून-निवून त्याला केसासारख्या भेगा पडल्या, पावसाळ्यात त्यातूनच गळायला लागलं आणि फॉल्स सीलिंगमुळे गळती कुठून आहे तेच दिसेना. तिसऱ्या वर्षी वर उंदरांचा संसार. थर्माकोलचे पांढरे दाणे ताटात पडायचे.

नव्या घराला वरून केलं. स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, गच्चीत दोन दिवस पाणी भरून तपासणी, मग दोन इंची एक्सपीएसच्या पाट्या, वर प्लास्टिक, जाळी टाकून ढाळाचा कोबा आणि शेवटी पांढरं चायना मोझॅक. एक्सपीएस म्हणजे थर्माकोलचाच भाऊ, पण घट्ट आणि पाणी न पिणारा. घनमीटरला ३२ ते ३५ किलो घनतेचा मागा. पॅकिंगचा थर्माकोल गच्चीवर घालू नका, दबतो.

ठेकेदाराला एवढा हिशोब दाखवा: उष्णता अडवण्यात दोन इंची पाटी म्हणजे साधारण आठ फूट जाड काँक्रीट. त्याचा चार इंची कोबा पाव इंच पाटीचंही काम करत नाही. कोबा पाण्यासाठी ठीक, उन्हासाठी नाही. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छताचं यू-मूल्य, म्हणजे छतातून उष्णता किती आत येते त्याचं माप, १.२ च्या आत हवं असं आहे; जितकं कमी तितकं बरं. नुसता स्लॅब-कोबा ३ च्या आसपास जातो, दोन इंची पाटीने तो ०.५ च्या आसपास येतो.

आता माझी फजिती. एप्रिलच्या शेवटी पाट्या अंथरल्या, मिस्त्री म्हणाला कोबा उद्या. संध्याकाळी असं वावधन सुटलं की वीस-बावीस निळ्या पाट्या मागच्या वावरात. बायको, मी आणि शेजारची पोरं बॅटरी घेऊन वेचत होतो. त्यात एकाने सांध्यांना सोल्व्हंटवालं चिकटवण लावलं, तर अर्ध्या तासात पाटीला मुठीएवढं भोक. पाट्या पडल्या त्याच दिवशी कोबा पडला पाहिजे, आणि डिंक पाण्यावर आधारित हवा. तुम्हाला चार बाय दोन फुटांच्या ११२-११५ पाट्या लागतील. टाकीचे आणि सोलरचे पाय आधीच स्लॅबमधून काढून घ्या, नंतर ड्रिल मारलं तर वॉटरप्रूफिंग गेलं.

नाशिकची_आर्किटेक्ट:
काकांच्या छताशी सहमत. भिंतीचं मी सांगते. जोडकाम सुरू व्हायचंय ना, मग अजून वेळ गेलेली नाही. नऊ इंची विटेच्या भिंतीऐवजी आठ इंची एएसी ब्लॉक (आत हवेची छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ठोकळा) घेतला तर आत येणारी उष्णता साधारण एक तृतीयांश राहते. वीटच हवी असेल तर निदान सासूबाईंची पश्चिम भिंत पोकळ बांधा: आत नऊ इंची, मध्ये दोन इंच फट, बाहेर चार इंची.

आणि पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा मोठा करून फायदा नाही. चारनंतरचं ऊन छज्जाखालून सरळ आत येतं. बाहेरून बांबूची चिक लावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलंच. मेच्या शेवटच्या आठवड्यात अकोल्यात सूर्य भरदुपारी जवळपास डोक्यावर असतो, म्हणून पैसे कमी पडले तर आधी छत, मग पश्चिम, बाकी भिंती राहू द्या.

कूलरबद्दल: परदेशातले व्हिडिओ बघून घर हवाबंद करू नका. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी समोरून बाहेर जायला हवी, नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. समोरच्या भिंतीत वर झडप ठेवा.

जोडकामवाला:
ताईंनी एएसीची दुसरी बाजू सांगितली नाही. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारली नाही तर प्लास्टरला उभी भेग पडणार म्हणजे पडणारच. आणि गीझर, टीव्ही टांगायचा असेल तर साधा रावळ प्लग धरत नाही, वेगळा मिळतो. मिस्त्रीने आधी ब्लॉक केलाय का, ते विचारा. नसेल तर वीटच बरी.

चुना_झिंदाबाद:
बजेट अगदीच संपलं तर गच्चीला दर होळीला चुना मारा. धुळीने वर्षात मळतो, पण फरक पायाला कळतो.

सातवी_ब_च्या_बाई:
सगळ्यांचे आभार. मिस्त्रीला विचारलं, ब्लॉक त्याने कधी हातात धरलेला नाही. म्हणून वीट, पश्चिमेला पोकळ भिंत, गच्चीवर पाट्या. ठेकेदार आठ फुटांचा हिशोब ऐकून दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "रेट वेगळा पडेल." पाट्या वावधनाआधीच, फेब्रुवारीत टाकणार. तरी सासूबाई विचारतात, उडाल्या तर वेचायला कोण जाईल? म्हटलं, फॉल्स सीलिंगवाले दीर.