छोट्या निर्यातदारानं सीआयएफ भाव द्यावा का?

हळदवाला, मशीद बंदर
माझं मत सरळ आहे. वर्षाला दहा-बारा कंटेनर पाठवणाऱ्यानं सीआयएफच्या, म्हणजे जहाजभाडं आणि विमा धरून दिलेल्या भावाच्या, फंदात पडू नये, एफओबी न्हावा शेवा, म्हणजे त्या बंदरात माल जहाजावर चढवेपर्यंतचा, एवढाच भाव द्यावा. नोव्हेंबर 2023 मध्ये रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला मी महिनाभराचा सीआयएफ भाव बांधून दिला. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. माझा माल चढेपर्यंत भाडं दुपटीवर गेलं होतं. फरक मी भरला, त्या कंटेनरवर काहीच सुटलं नाही. जे भाडं आपल्या हातात नाही, त्याची हमी आपण का द्यायची?

कागदपत्रवाली, चेंबूर
तुमचं नुकसान झालं हे खरं, पण दोष महिनाभर भाव बांधण्याचा. मुदत आठवड्याची ठेवायची. एफओबीत फॉरवर्डर, म्हणजे मालाची वाहतूक ठरवणारा एजंट, खरेदीदार नेमतो, हे कोणी बोलतच नाही! आमच्या एका कंटेनरला त्याच्या माणसानं मूळ बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती) न बघताच माल सोडला. पैसे भरल्यावर मिळायचे ते कागद बँकेत पडून, माल खरेदीदाराच्या गोदामात. पैसे आठ महिन्यांनी आले, तेही कापून. तेव्हापासून बोट मीच ठरवते.

हळदवाला, मशीद बंदर
अशा गिऱ्हाइकाकडून अर्धे पैसे आगाऊ घ्या. भाड्याचा जुगार हा त्यावरचा इलाज नव्हे.

जुना सीएचए (कस्टम हाउस एजंट), उरण
कंटेनरच्या मालाला एफओबी मुळात बसतच नाही. त्यात जोखीम माल जहाजावर चढल्यावर खरेदीदाराकडे जाते. तुम्ही कंटेनर टर्मिनलला देऊन मोकळे होता, बोट दोन-चार दिवसांनी लागते. मधल्या दिवसांत काही झालं तर ते तुमच्याच अंगावर. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या इनकोटर्म्स 2020 मध्ये, म्हणजे खरेदी-विक्रीच्या प्रमाण अटींच्या यादीत, 11 अटी आहेत, त्यातली एफसीए (ठरल्या जागी माल वाहकाकडे दिला की जोखीम खरेदीदाराची) अशा मालासाठीच आहे. एलसीला (खरेदीदाराच्या बँकेच्या पैशांच्या हमीला) 'माल जहाजावर चढला' असा शेरा असलेली बीएल लागते, म्हणून लोक बिचकतात. पण खरेदीदारानं वाहकाला तसं सांगायचं, हे आता करारात ठरवून घेता येतं.

कागदपत्रवाली, चेंबूर
एफसीएतही फॉरवर्डर त्याचाच, माझी अडचण तिथेच. आणि सीआयएफ म्हणजे रॉटरडॅमपर्यंत जोखीम आपली, हा गैरसमज काढून टाका. ती न्हावा शेव्यालाच संपते, पुढे आपण फक्त भाडं आणि विमा भरतो. विम्याकडे मात्र नीट बघा. किमान रक्कम किमतीच्या 110 टक्के, पण किमान संरक्षण 'सी' कलमांचं, म्हणजे मालविम्याच्या 'ए', 'बी', 'सी' या प्रमाण कलमांतलं सगळ्यात कमी. त्यात चोरी नाही, कंटेनरमध्ये पावसाचं पाणी शिरलं तर तेही नाही. हळदीला हे कसं चालेल? मी थोडे जास्त भरून सगळ्यात व्यापक 'ए' घेते.

हळदवाला, मशीद बंदर
'सी' कलमांचं ठाऊक नव्हतं, माझ्या पॉलिश्या आजच काढून बघतो. पुढचं कोटेशनही एफसीए करतो. सीआयएफ मात्र नाहीच. सीएचए साहेब, एफसीएत टीएचसी, म्हणजे टर्मिनलचा हाताळणी खर्च, कोणाकडे?

जुना सीएचए, उरण
नुसतं 'एफसीए मुंबई' लिहू नका. टर्मिनल की सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनर भरण्या-ठेवण्याचं केंद्र), नावानिशी लिहा आणि टीएचसी कोण भरणार याची वेगळी ओळ घाला. भांडणं तिथेच होतात.