जुने विज्ञानपट मुलांना दाखवताना संथ भाग वगळावा का?

खाडीकाठ, वेंगुर्ले:
गणपतीसाठी मुंबईहून आलेल्या माझ्या दोन पुतण्यांना, एक १२ वर्षांचा आणि दुसरा १४ वर्षांचा, परवा आरत्या आटोपल्यावर माजघरात बसवून मी स्टॅनली कुब्रिक यांचा १९६८ सालचा '२००१: अ स्पेस ओडिसी' लावला. पहिला संवाद यायलाच सुमारे २५ मिनिटे लागतात. तोवर धाकटा झोपी गेला होता आणि थोरल्याने "काका, यात काही घडतच नाही" असे प्रामाणिकपणे सांगून टाकले. हा चित्रपट मला फार प्रिय आहे, म्हणून विचारतो: वानरमानवांचा भाग वगळून थेट अंतराळयानापासून सुरुवात करावी का? मुले अजून चार दिवस आहेत.

सुरूबन, गुहागर:
कृपया वगळू नका. वानराने वर भिरकावलेले हाड आणि त्यापाठोपाठ दिसणारे यान यांतला सांधा हाच चित्रपटाचा कणा आहे. त्याऐवजी ही दृश्ये घडवली कशी, हे मुलांना आधी सांगावे. अंतराळवीर वर्तुळाकार दालनात धावतो ते दालन म्हणजे सुमारे साडेअकरा मीटर व्यासाचे खरेखुरे फिरते चाक होते. नट तळाशीच धावत राही आणि चाक त्याच्याखालून फिरे. हवेत तरंगणारे पेन मोठ्या काचेला दुहेरी चिकटपट्टीने लावलेले होते आणि ती काच फिरवली जात होती. संगणकाची मदत नसताना हे साधले, हे कळले की मुले पडद्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात, असा माझा अनुभव आहे. यानाबाहेर केवळ श्वासाचा आवाज का येतो, हेही त्यांनाच विचारा. निर्वात पोकळीत ध्वनी पोहोचत नाही, हे बहुतेक चित्रपट आजही विसरतात.

आगर, दापोली:
माझे मत थोडे वेगळे आहे. या वयाच्या मुलांसाठी १९६६ ते १९६९ या काळातली 'स्टार ट्रेक' मालिका अधिक योग्य ठरेल, कारण प्रत्येक भाग तासाभराच्या आत संपतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती रविवारी सकाळी लागे, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांच्या पडवीत दाटीवाटीने बसून पाहत असू. दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवणे खर्चाचे होते, म्हणून माणसांना किरणांद्वारे खाली पाठवण्याची युक्ती निघाली. आपोआप सरकणारी दारेही पडद्यामागची माणसे ओढत असत. स्त्रीपात्रांचे चित्रण मात्र काही भागांत आज खटकते. तिथे थांबून मुलांशी बोलावे, असे मला वाटते.

व्हाळाकाठ, देवगड:
मुले परतल्यावर तुम्ही स्वतः तार्कोव्हस्की यांचा १९७२ सालचा 'सोलारिस' पुन्हा पाहा. आरंभी वाहत्या पाण्यात हेलकावणारी पाणवनस्पती आणि अचानक कोसळलेल्या पावसात न उठता भिजत बसलेला नायक ही दृश्ये आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाहीत. पुढे अंतराळस्थानकावर हवेच्या झरोक्याला कागदाच्या पट्ट्या लावलेल्या दिसतात, झोपताना पानांच्या सळसळीचा भास व्हावा म्हणून. विशीत मी त्या पट्ट्यांकडे लक्षही दिले नव्हते. नोकरीनिमित्त अकरा वर्षे आखातात काढल्यानंतर पाहिले, तेव्हा चित्रपट तिथेच थांबवून मला काही वेळ बाहेर जाऊन बसावे लागले.

खाडीकाठ, वेंगुर्ले:
सर्वांचे मनापासून आभार. काल चाकाची गोष्ट आधी सांगितली आणि चित्रपट पहिल्यापासून लावला. धाकटा मध्यंतरापर्यंत जागा होता. त्याचा एक प्रश्न मला सोडवता आला नाही: कॅमेरा चाकाला बांधला होता की जमिनीवर होता?

सुरूबन, गुहागर:
दोन्ही प्रकारे. धावण्याच्या दृश्यात कॅमेरा नटासोबत तळाशीच होता. पण एक जण शिडीने उतरून, चालत, जेवणाऱ्या सहकाऱ्यापाशी जातो त्या दृश्यात कॅमेरा चाकालाच घट्ट बसवलेला होता. त्यामुळे जेवणारा नट आरंभी खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत खरोखर उलटा लटकत होता. आज धाकट्याला ते दृश्य पुन्हा दाखवा आणि त्या नटाकडे पाहायला सांगा.